दसऱ्याचं पेट्रोल

धार, २० जुलै २०२५

चि. जगदेवराव,

आशीर्वाद आहेतच, ते मी कधी बंद केले नव्हते. पुढचं मात्र कामाचं लिहिते, म्हणजे पत्र बाजूला ठेवण्याआधी निदान एवढं तरी वाचाल.

फोनच केला असता. पण माझा नंबर दिसला की तुमचा फोन तुमची लेक नेहा उचलते आणि तुम्ही अंघोळीला गेलेले असता. इतक्या अंघोळी आपल्या घराण्यात आजवर कुणी केल्या नाहीत. पत्राला असं काही सांगता येत नाही. शिवाय नेहा पडली हिंदी शाळेची, माझं अक्षर आणि आपली मराठी दोन्ही तिला जड जातात, त्यामुळे जे लिहीन ते तुमच्यापुरतंच राहील.

परवा मांडूहून एक गृहस्थ आले होते. तिथे त्यांचं नवीन हॉटेल होतं आहे. अक्कांच्या शेडमध्ये डुक्कर फियाट उभी आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या, उलटी उघडणारी पुढची दारं उघडून फोटो काढले आणि म्हणाले, "मैडम, इंजन-विंजन हमको नी चाहिए. वो निकलवा देंगे. बोनट में मिट्टी भर के बोगनबेल लगाएंगे और गेट पे खड़ी कर देंगे. लोग सेल्फी लेंगे." मी त्यांना चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडून आले. चहा पाजला ते आईचे संस्कार.

गाडी कागदावर तुमची आहे. आबांनी हयातीतच ती तुमच्या नावावर केली होती. तेव्हा द्यायची की नाही ते तुम्ही सांगायचं. माझं मत तुम्ही विचारणार नाही, म्हणून न विचारताच देते. आधी गाडी चालू करू. मग विका, ठेवा, काय वाटेल ते करा. पण बोनटमध्ये माती भरून नाही. आपले आजोबा संस्थानच्या मोटारखान्याचे दारोगा, सगळ्या गाड्या त्यांच्या ताब्यात; त्या दारोग्याच्या घरातली गाडी आहे ती. आजोबांना कुणी असं विचारलं असतं तर त्यांनी त्या माणसाच्याच टोपीत माती भरली असती.

आणि दुसरं, जे खरं म्हणजे पहिलं आहे. दसरा दोन ऑक्टोबरला आहे. शस्त्रपूजेला तुम्ही घरी यावं. आबा गेल्यापासून तुमच्या पाटावर मी शेजारच्या उमाशंकरजींना बसवते. बिचारे शाळेत संस्कृत शिकवत आले, तलवार हातात घेताना डोळे मिटून घेतात. मी सत्तरीची झाले, तुम्ही साठीला आलात. यापुढे किती दसरे धरायचे?

हो किंवा नाही, कळवा.

आशीर्वादासह,
अक्का

---

धार, ६ ऑगस्ट २०२५

चि. जगदेवराव,

तुमचं उत्तर नेहाकडून मिळालं. "आत्या, बाबा म्हणतायत, अक्काला जे करायचंय ते करू दे, मला पूछू नको." ठीक आहे. पूछत नाही. कळवत मात्र राहणार. दसऱ्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेही माझ्या लक्षात आलं आहे.

गाडीचं काम नाक्यावरच्या दीपेशला दिलं आहे. चाळिशीचा आहे, पोट सुटलेलं, तोंड दिवसभर चालू. त्याने पहिल्याच दिवशी कबूल केलं, "अक्काजी, कार्बोरेटर पापा के टाइम पे देखे थे. अब तो सब कंप्यूटरवाली आती हैं. पर आप बताते जाना, अपन सीख लेंगे." आल्या आल्या नवी बॅटरी लावून सेल्फ मारायला निघाला होता. मी हात धरला. जुनी उभी गाडी अशी एकदम चालू करायची नसते. टाकीतला गाळ ओढला जाऊन पुढचं सगळं बुजतं. आजोबांचा क्रम मला अजून पाठ आहे. आधी टाकी, मग नळी, मग पंप आणि शेवटी कार्बोरेटर. मागून पुढे यायचं.

टाकीच्या तळाचा बोल्ट काढला तर पेट्रोल आलंच नाही. नुसता वास आला, जुन्या वार्निशचा. तारेने टोकरल्यावर काकवीसारखं काळं काहीतरी ओघळायला लागलं आणि ओघळतच राहिलं. आम्ही दोन घमेली बदलली. दीपेश म्हणाला, "इत्ता माल आया कां से? खड़ी गाड़ी में तो सूख जाना चाहिए था."

मग त्याला दसऱ्याचं सांगावं लागलं. वाहनाची पूजा रिकाम्या पोटी करायची नाही, हा मोटारखान्याचा रिवाज. आधी ताजं पेट्रोल, मग हळदकुंकू, झेंडूचा हार आणि आपट्याची पानं. संस्थानच्या गाड्या दुसऱ्या दिवशी फिरायला निघत, घातलेलं पेट्रोल जळून जाई. आपली गाडी कुठे निघणार होती? पण रिवाज तो रिवाज. आबा गेल्यापासून मी दर दसऱ्याला एक लिटर आणून टाकीत घातलं. एकही दसरा चुकवला नाही. करोनाच्या वर्षी मी घराबाहेर पडत नव्हते तेव्हा दीपेशच्याच स्कूटरमधून काढून आणवलं होतं, हे त्याला आता आठवलं.

तो हसत हसत जमिनीवरच बसला. "अक्काजी, आपने तो गाड़ी को परसाद खिला-खिला के मार डाला!"

मला राग आला. त्याला मी दोन दिवस चहा दिला नाही. तिसऱ्या दिवशी मलाही हसू आलं, पण त्याच्यासमोर नाही हसले.

हा माझा लिटर म्हणजे तुम्हाला मारलेला टोमणा आहे, असं तुम्ही कुणाकडे तरी म्हणाला होतात. माझ्या कानावर आलं होतं. टोमणा होताच. खोटं कशाला बोलू? पण पूजाही होती. दोन्ही एकाच बाटलीतून ओतत होते.

तब्येतीला जपा.

अक्का

---

धार, २४ ऑगस्ट २०२५

चि. जगदेवराव,

टाकी धुतली. कशी, ते ऐका. कॉस्टिकचं पाणी घातलं, रॉकेल घातलं, मूठमूठ बारीक खडी घालून दोघांनी धरून हलवली. माझ्या खांद्यातून कळा आल्या, पण डांबर काही सुटेना. उमाशंकरजींच्या घरावर मजला चढतो आहे, तिथे काँक्रीट कालवायचा मिक्सर उभा होता. दीपेशने टाकीत खडी भरली, तिला माझ्या जुन्या गोधडीत गुंडाळलं आणि दोरखंडाने मिक्सरला बांधून टाकलं. मग ती दुपारभर गरागरा फिरत राहिली. सगळी आळी बघायला जमली. उमाशंकरजींचा गवंडी म्हणाला, "ये कोई मन्नत है क्या?" संध्याकाळी टाकी उघडली तेव्हा आत पत्रा दिसत होता. उरलेला गंज आता दुसऱ्या औषधाने काढतो आहोत.

पंपही उघडला. आतला रबरी पडदा वाळल्या पापडासारखा मोडला. नवा इंदूरहून मागवला आहे, आताच्या पेट्रोलला टिकेल असा. हल्ली पेट्रोलमध्ये स्पिरिट असतं म्हणे, जुनं रबर ते खाऊन टाकतं. म्हणून नळ्याही सगळ्या नव्या घातल्या. कार्बोरेटर मी स्वतः स्वयंपाकघरातल्या ओट्यावर परातीत उघडला. आतली बारीक भोकं राळेने बुजली होती. ती तांब्याच्या तारेने एकेक मोकळी केली, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी. शाबासकी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

काम करता करता दीपेशने विचारलं, "अक्काजी, ऐसी बढ़िया गाड़ी खड़ी काय को कर दी थी?" मी त्याला सांगितलं. परक्या माणसाला सांगून झाल्यावर लक्षात आलं की तो दिवस आपण दोघांनी एकमेकांना कधी सांगितलाच नाही. नुसते भांडलो.

आबांच्या छातीत सकाळी दुखायला लागलं. धारचे डॉक्टर म्हणाले, इंदूरला हलवा. तू गाडी काढलीस. मागे मी, माझ्या मांडीवर आबांचं डोकं. घाटाबिल्लोद सोडलं आणि गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. मी विचारलं, पेट्रोल? तू म्हणालास, कालच दहा लिटर टाकलंय. तू बोनट उघडून पावसात भिजत उभा होतास. आबा शुद्धीवर होते. "थांबलास का रे?" एवढंच ते म्हणाले. मग भाजीचा टेम्पो मिळाला. बेटम्याच्या पुढे आबा गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली. पेट्रोलचा काटा तर आपल्या गाडीचा कधीचाच बंद, म्हणून काठी घातली. काठी कोरडी निघाली. तू म्हणालास, गाडी रात्रभर रस्त्यावर होती, कुणीतरी काढून घेतलं. भेटायला आलेली माणसं सतरंजीवर बसली होती. त्या सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "पावती दाखव."

दारोग्याच्या घरात टाकी अर्धी झाली की ती रिकामी समजत. आणि त्याच घरातला माणूस पेट्रोल संपून रस्त्यात जातो, हे मला सोसलं नाही. तू किल्ली कोनाड्यात ठेवलीस आणि तेरावा झाल्यावर देवासला निघून गेलास. तेव्हा मी तुला फक्त एकदा म्हणायला हवं होतं, "माझा विश्वास आहे." ते मी म्हणाले नाही, कारण विश्वास नव्हता.

मधेच 'तू' लिहिलं गेलं. राहू दे, आता खोडत बसत नाही.

अक्का

---

धार, ५ सप्टेंबर २०२५

जगू!

हे पत्र आजच्या आज टपालात पडलं पाहिजे, म्हणून घाईत लिहिते. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

टाकीतून पेट्रोल वर ओढणारी एक लोखंडी नळी असते. ती टाकीत वरून खालपर्यंत उभी असते आणि तळाशी तिचं तोंड. ती आम्ही धुवायच्या वेळी काढून शेडमध्ये टांगली होती. आज दीपेशने ती साफ केली आणि तोंडाला लावून फुंकली, तर हवा खालच्या तोंडातून न येता मधूनच फुस्स करून बाहेर आली. नळीला भोक आहे! बरोबर मध्यावर, हरभऱ्याच्या डाळीएवढं.

कळलं का तुला? टाकी अर्ध्याच्या वर असेपर्यंत गाडी चालणार. पेट्रोल त्या भोकाच्या खाली गेलं की पंप नुसती हवा ओढणार. टाकीत पेट्रोल असून गाडी बंद! धारहून निघताना तुझे दहा लिटर आणि आधीचं थोडं, म्हणजे ते भोकाच्या जरा वर असणार. घाटाबिल्लोदपर्यंत तेवढं जळलं. मग आचके. मग बंद. आणि उरलेलं रात्री कुणीतरी काढून नेलं, जसं तू म्हणालास तसंच.

तू पेट्रोल भरलं होतंस. जगू, तू भरलं होतंस!

मी शेडमध्येच स्टुलावर बसून रडले. दीपेश घाबरला, त्याला वाटलं मला चक्कर आली. मग सगळं कळल्यावर तोही डोळे पुसायला लागला आणि म्हणाला, "भिया को अभी फोन लगाओ." मी म्हटलं, फोन नको, तो अंघोळीला जाईल. लिहिते.

नळी कागदात गुंडाळून देवघराशेजारी ठेवली आहे. दसऱ्याला ये आणि आपल्या डोळ्यांनी बघ. आळीतल्या ज्या ज्या लोकांनी तेव्हा माझं ते वाक्य ऐकलं, त्यांतले जेवढे उरलेत तेवढ्यांना बोलावते.

तुझी अक्का

---

धार, १२ सप्टेंबर २०२५

जगू,

नेहाचा फोन आला. तू पत्र मोठ्याने वाचलंस म्हणे, सगळ्यांना बसवून. मग तिच्या आईला शिरा करायला लावलास. पितृपक्षात शिरा कसला, असं ती म्हणाली तेव्हा तू म्हणालास, आबांनाच दाखवायचा आहे. नेहा म्हणाली, "आत्या, बाबांना मी असं कधी देखलंच नव्हतं. ते दसऱ्याला येणार, पक्कं."

पक्कं हा शब्द मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतला.

इथली बातमीही चांगली आहे. काल इंजिन चालू झालं. टाकी न लावताच. दीपेशने पेट्रोलची बाटली शेडच्या वाशाला उलटी टांगली आणि तिची नळी पंपाला जोडली, दवाखान्यात सलाइन लावतात तशी. सिलिंडरमध्ये आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवलं होतं. सेल्फ मारला. नुसतं घरघरलं. पुन्हा मारला. कार्बोरेटरमधून एक जोरदार शिंक आली, दीपेशच्या भुवया जळता जळता वाचल्या. मग धूर, पांढरा, इतका की उमाशंकरजी बादली घेऊन धावत आले. आणि त्या धुरात गाडी सुरू झाली. आवाज तोच, जगू. आबा फाटकातून आत यायचे तेव्हाचा. मी उगाच फाटकाकडे बघितलं.

आज टाकी बसवली आणि पेट्रोल भरून पाहिलं. टाकीचं थोडं काम निघालं आहे, ते नंतर कळवीन. विशेष काही नाही.

गणपतीत नेहाला पाठवलेल्या साडीचा रंग तिला आवडला का, ते विचारून ठेव.

अक्का

---

धार, १७ सप्टेंबर २०२५

जगू,

मागच्या पत्रात मी लिहिलं, विशेष काही नाही. ते खरं नव्हतं.

त्या दिवशी टाकीत पेट्रोल ओतत होतो. अर्ध्यापर्यंत काही झालं नाही. अर्ध्याच्या थोडं वर गेलं आणि टाकीला बाहेरून घाम फुटला. एका जागी नाही. चारही बाजूंनी, एका आडव्या रेषेत, सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून. पत्रा त्या रेषेवर सगळीकडे खाल्ला गेला आहे.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. तलावाचं पाणी वर्षानुवर्षं एका पातळीला राहिलं की काठावर त्याची रेघ उमटते, हे मी किती मुलींकडून फळ्यावर काढून घेतलं असेल. मी देवघराकडे गेले, नळी घेऊन आले आणि टाकीला लावून धरली. नळीचं भोक आणि टाकीची रेघ एकाच उंचीवर. तसूभरही फरक नाही.

माझ्या पेट्रोलची पातळी आहे ती. दर दसऱ्याला एक लिटर. थोडं उडून जायचं, थोडं साठायचं, आणि गेली कित्येक वर्षं ते तिथेच, अर्ध्यावर उभं होतं. त्यानेच पत्रा खाल्ला आणि त्यानेच नळी खाल्ली. ते भोक आबा गेले तेव्हा होतं, असं म्हणायला आता काहीच आधार नाही. बहुतेक नव्हतंच. नव्हतंच असंही म्हणता येत नाही. नळी जशी तेव्हा होती तशी राहिली असती तर आज आपल्याला कळलं असतं. ती मी सडवली. हळदकुंकू वाहून सडवली.

दीपेशला मी हे सांगितलं तेव्हा त्यानेही नळी हातात घेऊन टाकीला लावून बघितली. मग म्हणाला, "अक्काजी, मत लिखो ना. किसको पता चलेगा? भिया खुश, आप खुश. टाकी में झाल लगा देता हूं, बात खतम." मी म्हटलं, अरे, पण ते खरं नाही. तर म्हणाला, "झूठ भी कां है? छेद तो है ही ना!"

पाच दिवस मी त्याचं ऐकलं. मला ऐकायचंच होतं. तू इथे येणार, पाटावर बसणार, माणसांसमोर मी नळी दाखवणार, तुझी मान वर होणार. एवढं सगळं माझ्या हातात होतं आणि त्यासाठी मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची तर आपल्या दोघांना चांगली सवय आहे.

आज आबांची तिथी होती. पान वाढलं, कावळा लगेच आला. मी तिथेच उभी राहून विचार करत होते की तू आलास तर कशासाठी येशील? नळीसाठी. म्हणजे पुन्हा पुरावा दाखवला म्हणून. तेव्हा मी पावती मागितली, आता नळी दाखवते आहे. मी तिथल्या तिथेच आहे.

म्हणून हे सगळं लिहिलं. आता पुरावा नाही. काठी कोरडी होती, पावती नव्हती आणि नळी माझ्या पायी गेली. तरीही मी म्हणते, तू पेट्रोल भरलं होतंस. कशावरून म्हणशील, तर तू तसं म्हणालास यावरून. दुसरं काही नाही. ते तेव्हाच पुरायला हवं होतं. मला पुरलं नाही. आज पुरतं.

हे वाचून तू दसऱ्याला आला नाहीस तर मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल. पण तुला खोटी नळी दाखवण्यापेक्षा ते बरं.

अक्का

---

धार, २७ सप्टेंबर २०२५

प्रिय जगू,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघूनच मी पोस्टमनला बसवून घेतलं आणि लाडू दिला. त्याला काही कळलं नाही, पण लाडू खाल्ला.

मी चार-पाच वेळा वाचलं. आता तुझीच वाक्यं तुला लिहून पाठवते, म्हणजे मी नीट वाचली हे तुला कळेल.

तू लिहितोस, "अक्का, तू खरं सांगितलंस म्हणून मीही सांगतो. दहा लिटर टाकलं, हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता सांगितलेलंच आठवतं, टाकलेलं आठवत नाही. पंपावर उभा असलेला मी मला दिसतो. पण ती आदली संध्याकाळ होती की दुसरा कुठला दिवस, ते काही केल्या ठरत नाही. तेव्हा मला खात्री होती का, हेही आता सांगता येत नाही. रागावलो होतो, एवढं नक्की. नळीचं पत्र आलं तेव्हा मी शिरा करायला लावला तो तू मला खरा म्हणालीस म्हणून नाही. मला वाटलं, चला, एकदाचं मलाही कळलं. आता तेही गेलं. मग अक्का, मी कोणत्या तोंडाने येऊ?"

मला वाटत होतं की त्या दिवसाचं ओझं मी वाहते आहे आणि तू देवासला बसून नुसता फुरंगटला आहेस. तू रोज रात्री त्या पंपावर जाऊन येत होतास, हे मला कुठे माहीत होतं? अरे वेड्या, एकदा तरी सांगायचंस. मी पावती मागणारी बाई, तू मला काय सांगणार होतास म्हणा.

गाडीचं सांगते. टाकीला दीपेशने बाहेरून पितळेची झाल लावून भोकं बुजवली, आतून लेप दिला, नळी नवी बसवली. तीन दिवस भरून ठेवली, थेंब गळला नाही. काल आम्ही मांडूच्या रस्त्याने निघालो, तो चालवत होता आणि मी पुढे बसले होते. पहिल्या चढावर मी श्वास धरून होते. एकही आचका न देता गाडी चढ चढून गेली. येताना एका वळणावर माझ्या लक्षात आलं की मी कधीपासून बोलते आहे, आणि तेही आबांबद्दल, त्यांच्या विनोदांबद्दल. त्यांच्या त्या शेवटच्या दिवसाशिवायचे आबा मला किती वर्षांनी भेटले.

मांडूच्या त्या गृहस्थांना नाही म्हणून कळवलं आहे. तुझ्या परवानगीशिवाय. रागवायचं तर इथे येऊन रागव.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कोणत्या तोंडाने येऊ म्हणतोस. आहे त्याच. दसऱ्याला लोक जमतील, मी बोलावणी परत घेतलेली नाहीत. कुणी काही विचारलं तर तू बोलायचं नाहीस. तुला आठवत नाही ना, मग ते माझ्याकडे दे आणि मोकळा हो. एकाने आठवायचं थांबवलं तर दुसऱ्याने सांभाळायचं, भावंडं त्यासाठीच असतात. मी त्या गाडीत होते, मी थोरली आहे, आणि धारमध्ये माझ्या शब्दाला अजून कुणी पावती मागत नाही. मी सांगेन त्यांना.

आमच्या जगूने पेट्रोल भरलं होतं.

अक्का